षट्कोनी गोधडी : आधीं साचा, मग कात्री

घरगुती हस्तकला

गेल्या मासीं आलेल्या पत्रांपैकीं गडचिरोलीच्या एका भगिनीचें पत्र आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें होतें. त्यांच्या सासूबाई गेल्या वर्षीं निवर्तल्या. त्यांच्या पेटींत पांच नऊवारी लुगडीं निघालीं. तीं कोणास देऊन टाकण्यास घरांतील कोणाचेंच मन धजेना, तेव्हां चौघी जावांनीं मिळून त्यांची एक गोधडी करावी आणि तीहि मधमाशीच्या पोळ्याप्रमाणें सहा कोनी तुकड्यांची करावी, असें ठरलें. एक जाऊ गडचिरोलीस, एक चंद्रपुरास, एक नागपुरास आणि धाकटी पुण्यास. ‘साचा दोन इंची घ्यावा’ असा निरोप सर्वांस गेला. पुढें दिवाळीस सगळ्या एकत्र जमून पाहतात, तों थोरल्या जाऊबाईंचे चाळीस तुकडे आणि धाकटीचे चाळीस तुकडे एकमेकांशीं मुळींच जुळेनात! एकीच्या एका तुकड्याचें क्षेत्र दुसरीच्या तीन तुकड्यांएवढें भरलें. एका लुगड्यास कात्री लागली आहे, दोघींत थोडी कुरबुरहि झाली आहे, आणि उरलेल्या चार लुगड्यांस हात लावण्याचें आतां कोणास धैर्य होत नाहीं. ‘काय करावें?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

बाजारांतून आणलेलें कापड बिघडलें तर पुन्हां आणतां येतें. सासूबाईंचें लुगडें पुन्हां आणतां येत नाहीं. म्हणून या पत्राचें उत्तर दोन ओळींत न देतां, साचा कसा निवडावा, कसा काढावा आणि कसा पारखून घ्यावा, हा सर्वच विषय या वेळीं सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, दोघी जावांपैकीं चूक कोणाचीच नाहीं. निरोपच अपुरा होता. चौकोनाचें माप ‘दोन इंच’ म्हटलें म्हणजे काम भागतें, कारण त्याची बाजू आणि त्याची रुंदी एकच असते. षट्कोनाचें तसें नाहीं. त्यास तीन मापें असतात. एक त्याच्या बाजूचें, दुसरें समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचें आणि तिसरें समोरासमोरच्या दोन कोनांमधील अंतराचें. बाजू 1 इंच असली, तर कोनापासून कोनापर्यंत 2 इंच भरतात आणि बाजूपासून बाजूपर्यंत पावणेदोन इंचांहून किंचित् कमी भरतें. थोरल्या जाऊबाईंनीं बाजू दोन इंच धरली, धाकटीनें रुंदी दोन इंच धरली. दोघींचा हिशेब आपापल्या जागीं बरोबरच होता. या कामांत माप सांगतांना ‘बाजू’ हा शब्द उच्चारल्यावांचून आंकडा कधींहि सांगूं नये. बाजारांत मिळणाऱ्या तयार साच्यांवर बहुधा बाजूचेंच माप असतें, तथापि विकत घेतांना पट्टी लावून पाहावें.

कोणी म्हणेल, आमच्या आजीनें जन्मांत शंभर गोधड्या शिवल्या, तिनें कधीं साचा घेतला होता? हें खरें आहे. आपल्या गोधडीची वा वाकळेची रीतच निराळी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरावे, वर हातास येतील तीं ठिगळें कडा दुमडून बसवावीं आणि सर्वांवरून धावदोरा घालीत जावें. ठिगळ थोडें लहानमोठें झालें तरी खालचा थर त्यास सांभाळून घेतो. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, तीहि अशीच कांठापासून आरंभ करून आंत आंत मध्यापर्यंत येते. तेथेंहि साचा नाहीं, डोळ्यांचा अंदाज हाच साचा. षट्कोनी कामांत मात्र तुकड्याखालीं कांहींच नसतें. तुकडा तुकड्यास कडेनें जोडावयाचा, आणि त्या जोडांतूनच कापड तयार व्हावयाचें. येथें सांभाळून घेणारा थर नाहीं, म्हणून प्रत्येकानें आपली मर्यादा पाळली पाहिजे.

दुसरें कारण कापडाच्या विणीचें आहे. कापड उभ्या वा आडव्या धाग्यास धरून कापलें तर तें ताणत नाहीं, उरेब कापलें तर ताणतें. षट्कोनाच्या सहा बाजूंपैकीं फार तर दोन बाजू धाग्यास धरून बसवितां येतात, उरलेल्या चार तिरप्याच राहतात. नुसत्या हातांनीं शिवूं लागल्यास त्या चार बाजू बोटांखालीं लांबतात आणि तुकडा वेडावांकडा होतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पोटांत कागदाचा षट्कोन घालतात, कापडाची कड त्यावर दुमडून कच्च्या दोऱ्यानें टांचतात, आणि मग दोन तुकड्यांच्या दुमडलेल्या कडा जुळवून कांठावरून बारीक टांक्यांनीं जोडतात. सहाहि बाजू जोडून झाल्या म्हणजे आंतील कागद काढून घेतात.

ही कागदी रीत विलायतेंत फार जुनी आहे. ब्रिटनमध्यें 1718 हें साल शिवलेली एक रेशमी ठिगळी चादर जतन करून ठेविली असून, तींतील अनेकविध आकारांच्या तुकड्यांमागें त्या काळचे कागद अद्यापि आहेत. षट्कोनी नमुना अमेरिकेंत ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकानें 1835 सालीं छापला, आणि पुढें 1930 च्या सुमारास तेथें ‘आजीची फुलबाग’ या नांवानें तो घरोघरीं पसरला. मध्यें एक तुकडा आणि त्याभोंवतीं सहा तुकडे, असें तें फूल. परंतु हा आकार परका मानण्याचें कारण नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत आग्या मोहोळ ज्यानें पाहिलें आहे, त्यानें हा नमुना पाहिलाच आहे. समान बाजू व समान कोन असलेल्या आकृत्यांपैकीं त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन या तीनच अशा आहेत कीं, एकाच आकृतीनें जागा फट न ठेवतां भरतां येते. त्या तिहींत तेवढीच जागा कमींत कमी कडेनें व्यापणारा तो षट्कोन, हें चौथ्या शतकांतील पॅपस या ग्रीक गणित्यानें मधमाश्यांच्या संदर्भांत लिहून ठेविलें होतें. कोणत्याहि आकाराच्या सारख्या क्षेत्राच्या भागांत हेंच खरें ठरतें, याची संपूर्ण सिद्धता मात्र 1999 सालीं टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानें दिली. शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीनें याचा अर्थ एवढाच कीं, सारख्या क्षेत्राच्या चौकोनांपेक्षां षट्कोनांत शिवण कमी लागते.

आतां साचा काढण्याकडे वळूं. त्यास कोनमापक नको. घरांतील मुलांची कंपासपेटी पुरे. षट्कोनाची जी बाजू हवी, तेवढें अंतर कंपासांत धरून जाड कागदावर वर्तुळ काढावें. अंतर न हलवितां, परिघावर एका बिंदूपासून सुरुवात करून खुणा करीत जावें. सहावी खूण बरोबर पहिल्या बिंदूवर येते. ते सहा बिंदू पट्टीनें जोडले कीं साचा झाला. सहावी खूण पहिलीवर न येईल तर कंपास हलला असें समजून पुन्हां नवें वर्तुळ काढावें, खुणा ओढूनताणून जुळवूं नयेत.

साचा कापल्यावर त्याची परीक्षा घेतल्यावांचून त्यास कापडाजवळ नेऊं नये. परीक्षा सोपी आहे. साचा कागदावर ठेवून बारीक पेन्सिलीनें भोंवतीं रेघ काढावी. मग तो एक कोन पुढें फिरवून त्याच रेघेंत बसतो का पाहावें, आणि असें सहाहि वेळां करावें. नंतर तो उलटा करून पुन्हां सहा वेळां फिरवावा. बाराहि वेळां तो रेघेंत निमूट बसला, तरच तो खरा. एखाद्या बाजूस रेघ झांकली जाईल वा उघडी पडेल, तर साचा टाकून द्यावा. हा काटेकोरपणा उगीच नाहीं. प्रत्येक ठिकाणीं तीन तुकड्यांचे तीन कोन एकत्र येतात, आणि त्यांची बेरीज पूर्ण वर्तुळाएवढी व्हावी लागते. ती कमी पडली तर शिवण ओढली जाऊन कापडाचा द्रोण होतो, जास्त झाली तर झोळ पडतो. तसेंच रुंदींत पाव सूत जास्त झालें, तर एका तुकड्यांत तें डोळ्यांस दिसणार नाहीं, पण तीस तुकड्यांच्या ओळींत जवळजवळ एक इंच वाढतो.

साच्याचें द्रव्य कोणतें असावें? येथें दोन साच्यांत भेद केला पाहिजे. एक मूळ साचा, ज्यावरून बाकी सर्व बेतावयाचें. तो न झिजणारा हवा. पातळ पत्रा, जाड प्लॅस्टिक किंवा धुवून घेतलेली जुनी क्ष-किरण फिल्म यासाठीं उत्तम. पुठ्ठ्याचा मूळ साचा करणाऱ्या पुष्कळ भगिनी आहेत. परंतु पेन्सिल फिरून फिरून पुठ्ठ्याचे कोन गोल होतात, आणि शंभराव्या तुकड्याचें माप पहिल्याशीं जुळत नाहीं. पुठ्ठाच वापरावयाचा तर एकाच वेळीं चार साचे कापून ठेवावे आणि पन्नास तुकड्यांमागें एक बदलावा.

दुसरा, तुकड्याच्या पोटांत राहणारा कागद. तो असा असावा कीं त्याच्या कडेवर कापडाची घडी ठाशीव बसेल, पण सुई अडणार नाहीं. वर्तमानपत्र फार मऊ असून त्याची शाई पांढऱ्या कापडास लागते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा फार जाड. मध्यम प्रतीचा कागद म्हणजे जुनीं पोस्टकार्डें आणि लग्नपत्रिका, आणि लग्नपत्रिकांचा तोटा आपल्या घरांत कधींच नसतो! मात्र ज्यांवर सोनेरी वा रंगीत छाप उठून येतो, त्या कापडावर डाग पाडतात, म्हणून ओल्या चिंधीनें घांसून पाहून मगच घ्याव्या. कागदाच्या बाबतींत हा प्रदेश भाग्यवान आहे. याच रानांतील बांबूवर चालणारी बल्लारपूरची कागदगिरणी 1945 सालीं स्थापन झाली, तेव्हांपासून ‘आमच्या बांबूचा कागद’ हा शब्द येथें घरगुतीच झाला आहे. कागद काळजीपूर्वक काढून घेतला तर तीनचार वेळां वापरतां येतो. त्यामुळें गोधडीस जितके तुकडे तितके कागद लागतात असें नाहीं.

आणखी एक साचा करून ठेवण्यासारखा आहे, त्यास आम्ही खिडकीचा साचा म्हणतों. मोठा षट्कोन कापावा आणि त्याच्या मध्यें तयार तुकड्याएवढा षट्कोन कापून काढून टाकावा, म्हणजे भोंवतीं दुमडीची दोन सूत रुंद चौकट उरते. ही चौकट लुगड्यावर सरकवीत गेलें म्हणजे, शिवल्यावर तुकड्यांत नेमकें काय दिसेल तें आधींच दिसतें. बुट्टी मध्यावर आणावयाची असो, कांठाची एक रेघ फुलाच्या पाकळींत घ्यावयाची असो किंवा विरलेला भाग टाळावयाचा असो, खिडकी फार उपयोगी पडते. बाहेरच्या कडेनें कापावें, आंतील कडेनें पेन्सिलीची खूण करावी.

आतां मुख्य प्रश्न, बाजू किती घ्यावी? साठ इंच रुंद व नव्वद इंच लांब अशी एका माणसाची गोधडी धरूं. बाजू 1 इंच घेतली तर सुमारें 2080 तुकडे लागतात. दीड इंच घेतली तर सुमारें 925, आणि दोन इंच घेतली तर सुमारें 520. जोडाच्या शिवणीची लांबी अनुक्रमें 173, 115 आणि 87 वार होते. कापडहि सारखें लागत नाहीं. दोन सूत दुमड धरली तर एक इंची साच्यांत गोधडीच्या क्षेत्रावर शेंकडा 66 कापड जास्त लागतें, दीड इंचींत 42, दोन इंचींत 31. म्हणजे लहान साचा हा काटकसरीचा नव्हे. लहान चिंध्या खपवितां येतात हें खरें, पण कापड अधिक आणि श्रम दुप्पट. उलट साचा अडीचतीन इंचांवर गेला तर जुन्या लुगड्यांत तेवढा एकसंध धड भाग सांपडणें कठीण होतें. जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीसाठीं दीड इंच बाजू हाच मध्यममार्ग आम्हांस योग्य वाटतो. बाळाच्या दुपट्यास, छत्तीस इंच चौरस धरल्यास, याच साच्याचे सुमारें 222 तुकडे पुरतात.

या भागांत कोशाचें म्हणजे टसरचें कापड कांहीं घरांत सोवळ्यासाठीं असतें. येन आणि अर्जुन या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशांपासून तें होतें, आणि आरमोरी व नागभीडकडील विणकरांची त्यांत ख्याती आहे. जुनें सोवळें गोधडींत घ्यावयाचें असल्यास लक्षांत ठेवावें कीं, त्याची कड सुटते. त्यास दुमड दोन सुतांऐवजीं तीन सूत धरावी, टांचणी कागदाच्या आंत न टोंचतां दुमडींतच टोंचावी, आणि सुती तुकड्यांच्या शेजारीं तें बसवूं नये. धुतल्यावर दोन्ही सारखीं आटत नाहींत. त्याचें एखादें निराळें आसन करावें हें उत्तम.

तुकडे किती लागतील याचा हिशेब ज्यांस अवघड वाटतो, त्यांस ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण द्यावी. मधल्या ओळींत पांच ठिपके आणि दोन्हीं बाजूंस ते तिनापर्यंत उतरत गेलेले, ‘पांच ते तीन’, यांत एकोणीस ठिपके होतात. ‘सात ते चार’ यांत सदतीस, आणि ‘पंधरा ते आठ’ यांत एकशेंएकोणसत्तर. प्रत्येक ठिपका म्हणजे एक षट्कोन असें समजलें कीं, मुलींच्या रांगोळीच्या वहींतच गोधडीचा आराखडा तयार सांपडतो. कोणत्या ठिपक्यास कोणतें लुगडें, तें रंगीत पेन्सिलीनें आधीं भरून पाहावें. कागदावर चुकलेलें पुसतां येतें.

गडचिरोलीच्या भगिनींस आतां उत्तर देतां येतें. त्यांनीं धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. थोरल्या जाऊबाईंचे चाळीस तुकडे मोठे आहेत. ते उसवून, दीड इंची साच्यावर पुन्हां बेतून मुख्य गोधडींत घ्यावे. मोठ्याचें लहान होतें. धाकट्या जाऊबाईंचे तुकडे लहान असून ते मोठे होणार नाहींत, पण वायां जाण्याचेंहि कारण नाहीं. चाळिसांतील सदतीस तुकडे ‘सात ते चार’ या ठिपक्यांप्रमाणें जोडले कीं चौदा इंच रुंदीचें एक सुरेख षट्कोनी पदक होतें. तें एखाद्या मऊ लुगड्याच्या दुपट्यावर मधोमध बसवावें. घरांत पुढें जें मूल येईल, त्यास पणजीचें वा आजीचें पांघरूण मिळेल. तीन तुकडे उरतील, ते दुपट्याच्या कोपऱ्यांस लावण्यापुरते नाहींत, तेव्हां धाकटीनें चौथा तुकडा तेवढा नवा करावा!

उरलेल्या चार लुगड्यांविषयीं. त्यांतील एक लुगडें अखंड ठेवावें, त्यास कात्री लावूं नये. नऊ वार लांब व पंचेचाळीस इंच पन्ह्याचें लुगडें धरलें, तर बाकीच्या तिहींतून प्रत्येकीं दोन वार धड कापड मिळालें तरी दीड इंची साच्याचे सर्व 925 तुकडे निघून थोडें उरतें. लुगडें बहुधा मध्यें विरतें. पदराकडील व टोंकाकडील भाग धड असतो, तेथून हे दोन वार सहज निघतील. राहिलेलें कापड अस्तरास व आंतील थरांस लागेल. म्हणजे पेटींतील कांहींच वायां जात नाहीं, आणि एक लुगडें सासूबाईंनीं घडी घालून ठेविलें होतें तसेंच राहतें.

एक गोष्ट मात्र चौघींनीं पाळावी. मूळ साचा एकाच हातानें काढावा, वर सांगितलेली परीक्षा करावी, आणि पोटांतील कागद सर्वच्या सर्व त्याच घरीं, त्याच कात्रीनें कापून प्रत्येकीस मोजून पाठवावे. कोणींहि आपल्या घरीं नवा साचा करूं नये. तो कितीहि चांगला झाला तरी करूं नये. टांका कोणाचा बारीक, कोणाचा थोडा मोठा असेल, तो चालतो. चार हातांचें काम आहे हें त्यावरून कळेल, आणि तें कळावेंच. माप मात्र एक असावें. साचा कोणीं काढावा याविषयीं आमचें मत विचाराल, तर तो धाकट्या जाऊबाईंनीं काढावा आणि परीक्षा थोरल्या जाऊबाईंनीं करावी.

चाळीस तुकडे झाले कीं पुढें जाऊं नये. प्रत्येकीनें आपलें एक फूल, मध्यें एक व भोंवतीं सहा असें, पूर्ण करून एकमेकींकडे टपालानें पाठवावें, आणि चारहि फुलें एकावर एक ठेवून पाहावीं. कडा जुळल्या तर निश्चिंतपणें पुढें चालावें. न जुळल्या तर अठ्ठावीस तुकड्यांचें नुकसान होईल, लुगड्यांचें नाहीं.

पुढील अंकीं अस्तर कसें लावावें आणि षट्कोनी वरच्या थरास धावदोरा कोणत्या दिशेनें घालावा, याविषयीं लिहूं. ज्या भगिनींनीं या रीतीनें काम आरंभिलें असेल, त्यांनीं आपल्या साच्याची बाजू व तुकड्यांची संख्या कळवावी. माप कळवितांना ‘बाजू’ हा शब्द लिहिण्यास विसरूं नये.